हात लावून सांगा

इमारतीची फाइल एक ना एक दिवस बंद होते. पूर्णत्वाचा दाखला लागतो, वर नाडी बांधली जाते आणि फाइल कपाटात जाते. गेल्या पंचेचाळीस वर्षांत अशा असंख्य फाइली मी स्वतःच्या हाताने बांधल्या. आमच्या साहेबांच्या गोष्टींची फाइल मात्र मला कधी बांधता आली नाही. पालघरच्या बाजारात भाजी घेताना कोणी भेटतो, बोईसरला लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी बसतो, आणि सुरुवात होते, "बाई, तुमच्या कॅप्टननी एकदा काय केलं, माहिती आहे का?" मला माहिती असते, कारण मी तेथे होते. सांगणारा नव्हता. तरीही तो सांगतो, आणि बहुधा चुकीचे सांगतो.

पहिली चूक 'कॅप्टन' हीच. साहेब एकाहत्तरच्या युद्धात वायुदलाचे वैमानिक होते आणि त्यांचा हुद्दा फ्लाइट लेफ्टनंट होता. युद्धानंतर लवकरच ते वायुदलातून बाहेर पडले, आर्किटेक्ट झाले आणि पालघरला कचेरी उघडली. मी त्या कचेरीतली टंकलेखिका. जुनी मॅट्रिक आहे, त्यामुळे अक्षर आणि स्मरण दोन्ही अजून शाबूत आहेत. साहेबांचे नाव येथे लिहिणार नाही. त्यांना ते आवडणार नाही.

हे सर्व आताच लिहून काढण्यास एक कारण घडले. साहेबांची नजर जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितले की दृष्टीचा मधला भाग झिजतो आहे, कडेचा राहील, मधला राहणार नाही. साहेबांच्या हातात तेव्हा एकच काम उरले होते, बेटेगावच्या पुढे डोंगराकडच्या एका पाड्यावरची शाळा आणि तिला लागून मुलांना राहण्यासाठी एक मोठी खोली. आणि साहेबांचा आयुष्यभराचा नियम असा की जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर सही नाही. डोळे आधी संपतात की काम आधी संपते, हा एकच प्रश्न गेले वर्षभर आमच्या कचेरीत होता. त्याचे उत्तर शेवटी येईल. आधीच्या गोष्टी आधी.

०००

मी मुलाखतीस गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पालघरजवळच्या माहीमहून एस.टी.ने आले होते. प्रमाणपत्रे नीट लावून नेली होती. साहेबांनी ती उघडलीही नाहीत.

"बाई, माझ्या कामात चूक दिसली तर काय कराल?"

"आपल्या निदर्शनास आणून देईन."

"ग्राहक समोर बसला असेल तर?"

"ग्राहक गेल्यावर आणून देईन. त्याच्यासमोर बोलणे शिष्टाचारास धरून होणार नाही."

"मग ही नोकरी तुमच्यासाठी नाही," साहेब म्हणाले. "विमानात शिष्टाचार पाळणारा माणूस स्वतः मरतो आणि दुसऱ्यालाही घेऊन मरतो."

मी प्रमाणपत्रे गोळा केली. दारापर्यंत गेले. तेथे उभी राहून विचार केला आणि परत आले.

"ग्राहकासमोर सांगेन," मी म्हणाले. "पण हळू आवाजात."

"सोमवारपासून या."

०००

साहेबांच्या 'यादी'विषयी या भागात बरेच दंतकथावजा बोलले जाते. वस्तुस्थिती अशी. विमान उडवण्यापूर्वी वैमानिक यंत्रणेची एकेक बाब मोठ्याने वाचून तपासतात. साहेबांनी ती पद्धत जशीच्या तशी बांधकामावर आणली. स्लॅब ओतण्याच्या सकाळी मी खाली उभी राहून यादी वाचायची. वर सेंटरिंगच्या फळ्यांवर नवसू मिस्त्रीने त्या त्या वस्तूला हात लावायचा आणि उत्तर द्यायचे. एकूण बाबी एकतीस. एकाही बाबीचे उत्तर चुकले तर मिक्सर सुरू होत नसे.

नवसू मिस्त्री म्हणजे साहेबांचा उजवा हात. डोंगराकडचा माणूस, शाळेत पाऊल न टाकलेला, परंतु सळईचा बाक नजरेने ओळखणारा.

"खालच्या सळईखाली ठोकळे?"

"हाय."

"हात लावून सांगा."

"लावला बाय, हाय."

प्रारंभी मी 'आहे' असे स्पष्ट उत्तर मिळावे म्हणून आग्रह धरला होता. बोईसरच्या कामावर सळई बांधणारे उत्तरेकडचे लोक "छू लिया मॅडम" म्हणत, त्याचाही मला त्रास होई. साहेबांनी मला एकदा बाजूस घेतले. "बाई, त्यांच्या तोंडाकडे नका बघू. हाताकडे बघा." त्यानंतर मी कोणाची भाषा सुधारली नाही. निदान कामावर तरी नाही.

बोईसरला एका कारखानदाराच्या गाळ्यावर ही यादी चालू असताना ते गृहस्थ कंटाळले. सकाळी आठला बोलावलेले सत्तर मजूर साडेनऊपर्यंत नुसते उभे होते. ते साहेबांना म्हणाले, "कॅप्टन, अहो, हे विमान नाही. गाळा आहे. जागचा हलायचा नाही."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "विमानातून उडी तरी मारता येते."

०००

तारापूरच्या बाजूस एका मच्छीमार वस्तीत घर बांधायचे होते. घरमालकीण हिराबाई, विधवा, सुक्या मासळीचा व्यापार करणारी. साहेबांचा शिरस्ता असा की नकाशा काढण्यापूर्वी जागेवर वारा पाहायचा. त्यासाठी ते विमानतळावर असते तशी कापडी नळी उंच बांबूला बांधून महिनाभर ठेवत. तशी तेथेही बांधली.

दुसऱ्याच दिवशी वस्तीत बातमी पसरली की सरकारने धोक्याची खूण लावली. दोन घरांनी तर बोचकी बांधली आणि मंडळी नातेवाईकांकडे वैतरण्याला निघून गेली. साहेबांना स्वतः जाऊन सर्वांना समजावावे लागले. सर्व पांगल्यावर हिराबाई तेवढी राहिली.

"सायेब, वारा बगायला कापड कशाला? आनि बांदलाय पन सुरूच्या झाडांच्या आड. तितं वारा खोटा लागतो."

"मग खरा कुठे लागतो?"

"मी मावरा सुकत घालते, ते बगा. आवशी घालायची, आजी घालायची. आमी काय येड्या हाव?"

तिची मासळी सुकवण्याची जागा नेमकी दुसऱ्या कोपऱ्यात होती. साहेब तेथे जाऊन पंधरा मिनिटे नुसते उभे राहिले. मग त्यांनी कापड उतरवले आणि स्वयंपाकघर घराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेले. अंतिम नकाशावर सल्लागारांच्या रकान्यात त्यांनी मला हिराबाईचे नाव टंकायला लावले.

मंजुरी देणाऱ्या कचेरीतून विचारणा झाली की या सल्लागारांची पदवी कोणती. साहेबांनी उत्तर स्वतःच्या हस्ताक्षरात पाठवले, "प्रत्यक्ष येऊन वारा खाऊन जावे." नकाशा मंजूर झाला.

०००

एक छोटीशी. पालघरचे एक नवश्रीमंत गृहस्थ बंगल्यासाठी आले. त्यांनी एक छायाचित्र आणले होते. गच्चीवरील पाण्याची टाकी विमानाच्या आकाराची, पंख, शेपूट सर्व काही. "साहेब, तुम्ही वैमानिक, म्हणून खास तुमच्या मानाखातर," ते म्हणाले.

साहेबांनी छायाचित्र बराच वेळ न्याहाळले. मग अत्यंत गंभीरपणे विचारले, "उतरणार कुठे?"

टाकी चौकोनी झाली.

०००

युद्धाविषयी साहेब बोलत नाहीत. या पंचेचाळीस वर्षांत ते माझ्यासमोर एकदाच बोलले, तेही सक्तीने. एका शाळेने स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनास बोलावले होते. मुख्याध्यापकांनी भाषण केले, त्यात रणांगण, शौर्य, शत्रू सर्व आले. मग मुलांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली. पहिल्याच रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली.

"सर, तुम्ही किती विमानं पाडलीत?"

"एक," साहेब म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत साहेब थांबले.

"माझंच."

मुले हसली. मुख्याध्यापकही हसले. मी हसले नाही, कारण साहेब हसत नव्हते. परतताना गाडीत ते आपण होऊन म्हणाले, "पंजाबात एका शेतात उतरवलं, बाई. गहू वीतभर आला होता. त्या शेतकऱ्याचं सगळं शेत नांगरल्यासारखं झालं. तो मात्र मलाच पाणी पाजत होता."

एवढेच. ज्या माणसाला मृत्यूच्या दारातून परत आल्यावर गव्हाची उंची लक्षात राहते, त्याच्यापुढे बसून टंकलेखन करणे ही साधी गोष्ट नव्हे, असे मला त्या दिवशी वाटले. दुसऱ्या दिवशी मी एका पत्रात तीन चुका केल्या. आयुष्यात प्रथमच.

०००

मध्यंतरी डहाणू, तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले आणि कधीकधी ते बोईसरपर्यंत जाणवत. लोक रात्री अंगणात झोपत. साहेबांनी कपाटातून सर्व जुन्या फाइली काढायला लावल्या. पहिल्या कामापासून ओळीने, स्वतः बांधलेली प्रत्येक इमारत ते पाहायला निघाले. बरोबर नवसू, एक लहान हातोडी आणि मी, वहीसह.

ते खांबावर हातोडी हलकेच मारत आणि कान लावत. बोईसरच्या एका सोसायटीचे सचिव घाईघाईने खाली आले. त्यांना वाटले, काही भानगड आहे.

"आमच्याकडून काही तक्रार नाही, साहेब. कोणी केली तक्रार?"

"मी," साहेब म्हणाले आणि पुढच्या खांबाकडे गेले.

अकरा महिने हे चालले. दोन इमारतींत त्यांना स्वतःचे दोष सापडले. दोन्ही ठिकाणी त्यांनी रहिवाशांची सभा बोलावली, उभे राहून दोष सांगितला आणि दुरुस्ती होईपर्यंत रोज तेथे गेले. आपल्या चुकीसाठी माणसे गोळा करणारा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही.

०००

आता डोळ्यांचे. ते प्रथम माझ्याच लक्षात आले. एक जोडपे घराच्या नकाशासाठी बसले होते. साहेबांनी भिंतीची जाडी वाचली ती चुकीची वाचली. कागदावर दोनशे तीस मिलिमीटर होते, ते दोनशे ऐंशी म्हणाले. मी ठरल्याप्रमाणे हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तीस."

त्यांनी कागद जवळ घेतला, दूर नेला. मग पेनाला टोपण लावले. "धन्यवाद, बाई." जोडप्याला म्हणाले, "आपण पुढच्या आठवड्यात भेटू. मला आधी माझे डोळे तपासून घ्यायला हवेत." त्याच संध्याकाळी ते डॉक्टरांकडे गेले.

पुढच्या आठवड्यात तेच जोडपे आले. बोलता बोलता त्यातील पत्नी अस्वस्थ होऊ लागली. शेवटी तिने मला बाहेर गाठले. "बाई, साहेब रागावलेत का माझ्यावर? बोलतात माझ्याशी आणि बघतात कॅलेंडरकडे."

मी आत येऊन, पुन्हा हळू आवाजात, हे साहेबांच्या कानी घातले. ते मोठ्याने हसले. "त्यांना सांगा, नीट दिसाव्यात म्हणूनच कॅलेंडरकडे बघतोय. काळोखात उडताना हेच करायचो. दुसरं विमान सरळ बघितलं तर दिसत नाही, थोडं बाजूला बघितलं की दिसतं. सवयीचं आहे."

ज्याच्या डोळ्यांत अंधार शिरतो आहे तो मनुष्य "सवयीचं आहे" म्हणून कामाला लागला. नवी कामे मात्र त्यांनी त्याच दिवशी बंद केली. जोडप्याला दुसऱ्या आर्किटेक्टचे नाव दिले. उरली ती पाड्यावरची शाळा.

०००

तो पाडा नवसू मिस्त्रीचा. तेथील जमीन पावसावरची. दिवाळी झाली की बहुतेक घरे कुलूप न लावता, नुसती कडी घालून, वीटभट्ट्यांच्या कामाला निघतात आणि मुले बरोबर जातात. मोठी खोली तयार झाली तर मुले मागे राहून शिकणार होती. नवसूच्या तीन नाती त्यांत होत्या. खोलीत मुलांना ठेवण्यास परवानगी मिळण्यासाठी आर्किटेक्टची सही हवी होती, आणि ती दिवाळीपूर्वी हवी होती.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस स्लॅब ओतायचे ठरले. सकाळी सातला आम्ही पोहोचलो. पाड्यावरची सर्व माणसे जमली होती. साहेबांनी त्या दिवशी पद्धत बदलली. "नवसू, तू खाली राहा. आज वर मी उत्तरं देतो. मी बघितल्याशिवाय सही कशी करू?" ते शिडी चढले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, नवसूच्या बायकोने खालून शिडी धरलेली असताना, मीही चढले. कारण खालून साहेबांचे हात दिसत नव्हते.

एकोणीस बाबी नीट झाल्या. विसावी बाब छज्ज्याची. छज्जा भिंतीबाहेर अधांतरी असतो. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते. खाली दबली तर छज्जा तुटून पडतो, आणि छज्ज्याखालीच मुले खेळतात.

"छज्ज्याची वरची सळई, वर आहे?"

साहेबांनी मान थोडी वळवली, बाजूला पाहिले. "आहे."

सळई वर नव्हती. पहाटे कोणाचा तरी पाय पडून चार हात लांबीपर्यंत ती दबली होती. मला स्पष्ट दिसत होते. खाली पाडा उभा होता, नवसू उभा होता. आणि मला हेही स्पष्ट दिसत होते की मी आता बोलले, तर जी एक सही उरली आहे ती साहेब करणार नाहीत.

पंचेचाळीस वर्षांत प्रथमच मी हळू बोलले नाही.

"साहेब, नाही. सळई खाली आहे."

साहेब गुडघ्यांवर बसले, हाताने सळई शोधली, तिच्यावरून बोटे फिरवली. "बरोबर. खाली आहे." मग शिडीच्या दिशेने म्हणाले, "नवसू, मला दिसत नाही. मी सही करू शकणार नाही."

नवसू वर आला. तो साहेबांच्या शेजारी बसला. "दिसत नाय तर नाय," तो म्हणाला. "मना तरी कुटं वाचता येतो? हात द्या हिकडं."

त्याने साहेबांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि पहिल्या सळईवर ठेवला. मग दुसऱ्या. मी यादी पहिल्या बाबीपासून पुन्हा वाचू लागले. दोघे म्हातारे गुडघ्यांवर सरकत त्या संपूर्ण स्लॅबवरून गेले, प्रत्येक सळई, प्रत्येक गाठ, प्रत्येक ठोकळा. दबलेली सळई उचलून बांधली, तिला साहेबांनी तीनदा हात लावला. वरून ऊन तापू लागले. बायकांनी पाणी वर पाठवले. मजुरांपैकी एकानेही बिडी पेटवली नाही. दुपारी एकच्या सुमारास एकतिसावी बाब झाली तेव्हा साहेबांच्या पँटचे दोन्ही गुडघे फाटले होते.

"ओता," साहेब म्हणाले.

मिक्सर सुरू झाला. मी सहीचा कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "आज नाही, बाई. टेकू काढतील त्या दिवशी बघू."

एकवीस दिवस गेले. दिवाळीला चार दिवस उरले होते. कितीतरी घरांची गाठोडी दारात येऊन पडली होती, परवानगी मिळते की नाही याची वाट पाहत मुले त्यांवर बसली होती. नवसूने खोलीतले टेकू काढायला घेतले. साहेबांनी एक खुर्ची मागवली, ती खोलीच्या मध्यभागी स्लॅबखाली ठेवायला लावली आणि तीवर बसले.

"सगळे बाहेर जा," ते म्हणाले. "नवसू, काढ."

सगळे बाहेर गेले. मी शाळेच्या वर्गातून दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी ठेवली.

"बाई, बाहेर."

"कागद कोण धरणार?" मी विचारले आणि बसले.

नवसू एकेक टेकू ठोकून काढत गेला. लाकूड पडण्याचा आवाज त्या रिकाम्या खोलीत मोठा होत असे. शेवटचा टेकू निघाला. वरून थोडी सिमेंटची धूळ आमच्या केसांवर आणि माझ्या इस्त्रीच्या पातळावर पडली. मग काहीच पडले नाही.

साहेबांनी हात पुढे केला. मी टोपण काढून पेन त्यांच्या बोटांत दिले आणि कागद माझ्या गुडघ्यावर घट्ट धरला.